पेज पिऊन ऑपरेशनला

"मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर गाठ आहे. बायोप्सीचा रिपोर्ट आला, कॅन्सर आहे. पण वेळेत सापडलंय. तेवढा भाग काढू आणि दोन टोकं जोडू," असं म्हणून डॉक्टर साहेब माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. अशा वेळी माणसं रडतात, देवाचं नाव घेतात, नाहीतर पोरांचं. मी विचारलं, "साहेब, त्यानंतर मला बाजा फुंकता येईल का?"

डॉक्टरांना वाटलं, धक्क्यानं माणूस बरळायला लागला. त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. सुशीला म्हणाली, "बँडमास्तर हायत जी. ट्रम्पेट वाजवतात. त्यायले दुसरं काहीच येत नाई." इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझी इतकी नेमकी ओळख कुणालाच करून दिली नव्हती.

आमचं गाव अर्जुनी-मोरगावकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर धान पिकवणारं. आमच्या घरी मात्र धानापेक्षा वराती जास्त. वडील लग्नात बाजा वाजवायचे, मी त्यांच्यामागे झांजा घेऊन चालता चालता मोठा झालो आणि पुढे त्यांचाच बाजा तोंडाला लावला. त्यामुळे डॉक्टरांसमोर माझा प्रश्न एकच होता. जगेन की मरेन हे देवाला विचारायचं. पण उन्हाळ्यात लग्नं लागतील तेव्हा मी वरातीपुढे उभा राहीन की ओट्यावर बसून दुसऱ्याचा बाजा ऐकीन, हे मला डॉक्टरांकडूनच हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, "पोटावर उभी चीर पडेल. फुंकताना तिथे जोर येतो. चीर कच्ची राहिली तर हर्निया होतो, म्हणजे आतडं त्या फटीतून बाहेर फुगतं. मी आज हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही."

मला राग आला. एवढी शिकलेली माणसं, आणि उत्तर आमच्या तलाठ्यासारखं.

आता मागचं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी उपयोगी पडेल. शौचाला रक्त जात होतं. मी ती मूळव्याध समजलो. बाजा वाजवणाऱ्यांना मूळव्याध व्हायचीच, असं आमच्या धंद्यातले सगळे म्हणतात, आणि त्यावर प्रत्येकाकडे एकेक चूर्ण असतं. मी सगळी चूर्णं खाल्ली. वजन उतरलं तेव्हा जुना गणवेश बसायला लागला म्हणून खूश झालो. शेवटी सुशीलानं हाताला धरून गोंदियाला आणलं. तिथं कोलोनोस्कोपी केली, म्हणजे मागच्या दारानं दुर्बीण घालून आतडं पाहतात. तपासणी वाईट नाही. तिच्या आधी पोट साफ करायचं जे औषध प्यावं लागतं, ते वाईट. माझं ऐका, रक्त दिसलं की चूर्णवाल्याकडे जाऊ नका. लाज वाटत असेल तर बायकोला पुढे घाला, तिला तुमची लाज वाटत नाही.

ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट काढली. "आमच्याकडे एक अभ्यास सुरू आहे. एन्हान्स्ड रिकव्हरी प्रोग्रॅम. ऑपरेशननंतर माणूस लवकर उभा राहावा म्हणून आधीपासून केलेली तयारी. जेवण आदल्या रात्री बंद, पण सकाळपर्यंत कोरडं उपाशी ठेवायचं नाही, गोड पाणी पाजायचं. नंतर नळ्या कमी, त्याच संध्याकाळी घोटभर पाणी, त्याच दिवशी पाय जमिनीवर, दुसऱ्या दिवशी जेवण. मोठ्या शहरांत ही पद्धत चालते. आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांवर, त्यांच्या नातेवाइकांसकट चालते का, ते आम्हाला मोजून पाहायचंय."

'नातेवाइकांसकट' म्हणताना त्यांनी उसासा टाकला. तेव्हा मला तो कळला नाही.

अभ्यासात दोन गट होते. एका गटाला नवीन पद्धत, दुसऱ्याला नेहमीची. कोण कुठे जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. त्याला रँडमायझेशन म्हणतात, म्हणजे चिठ्ठ्या टाकणं, फक्त चिठ्ठीला माणसाचा हात लागत नाही. भाग घ्यायची सक्ती नाही, मध्येच सोडलं तरी उपचार तेच, हे सगळं प्राजक्ता मॅडमनं दोनदा समजावलं. ही नागपूरची पोरगी या अभ्यासाचं काम बघायची. वय माझ्या मुलीएवढं, पण आवाजात असा करारीपणा की मी तिला पहिल्या दिवसापासून घाबरलो.

मी हो म्हटलं, पण मनात नवस केला की चिठ्ठी नेहमीच्या गटात पडू दे. कारण उघड आहे. आमच्याकडे पोट फाडून घरी आलेला माणूस म्हणजे नवरदेव. महिनाभर खाट सोडायची नाही, बायकोनं पाणी हातात द्यायचं, भेटायला येणाऱ्यानं बिस्किटाचा पुडा आणायचा. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं म्हणतात. हत्ती येऊन गेला होता, आता मला ती मुंगी हवी होती. निवांत, आरामात चालणारी.

कॉम्प्युटरनं मला नवीन गटात टाकलं. सुशीला हसली. ती का हसली हे मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या आधीच शिकवणी सुरू झाली. प्राजक्ता मॅडमनं एक प्लास्टिकचं खेळणं हातात दिलं. तीन नळ्या, तीन गोळे आणि एक तोंडात धरायची नळी. नाव स्पायरोमीटर, फुप्फुसाच्या व्यायामाचं यंत्र. ऑपरेशननंतर माणूस दुखण्याच्या भीतीनं उथळ श्वास घेतो, मग छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, म्हणून हे. "तिन्ही गोळे वर जायला हवेत," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, पोरी, तू कुणाला सांगतेस? वॉर्डातले सगळे बघत होते. मी कॉलर ठीक केली, नळी ओठांना लावली आणि अशी फुंक मारली की चार मैलांवर वरात आल्याचं कळावं. गोळे हलले नाहीत. मी आणखी जोर लावला. गाल फुगले, डोळे बाहेर आले, कानात शिट्टी वाजली. गोळे जागेवर. बाजूच्या खाटेवरचे एक काका होते, त्यांचंही आतड्याचंच ऑपरेशन व्हायचं होतं. ते सहानुभूतीनं म्हणाले, "जाऊ द्या मास्तर, बिमारीनं माणूस कमजोर होतेच."

"फुंकायचं नाही हो," प्राजक्ता मॅडम तोंडावर हात धरून म्हणाली, "आत ओढायचं."

जन्मभर फुंकलं. आत ओढायचेही मार्क असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग बसून विचार केला, तेव्हा लक्षात आलं की लांब सूर धरायचा तर आधी श्वास पोटापर्यंत भरावाच लागतो. आम्ही तो भरतोच, फक्त कौतुक बाहेरच्याचं होतं. मी हळूच ओढला. तिन्ही गोळे वर गेले आणि मी ते तिथेच धरून ठेवले. काका टाळ्या वाजवू लागले. मी मान लववली. सवय आहे.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. आता नातेवाईक येतात.

माझी मोठी बहीण कौसाबाई बिरसीला राहते. तिच्या घरावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर घिरट्या घालतात, आणि ती अंगणात धान वाळवताना त्यांच्याकडे बघून 'पडशीन रे लेका' असं ओरडते. गोंदियाला जवळ म्हणून ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच दवाखान्यात ठाण मांडून बसली. तिनं आल्या आल्या दोन प्रश्न विचारले. पहिला, "याले काऊन नेऊन रायले?" दुसरा, "याले जेवायले का देऊन रायले?"

'का नेताय' याचं उत्तर तिनं ऐकून घेतलं. 'काय खायला देताय' याचं पटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला एका पाकिटातली पूड पाण्यात कालवून प्यायची होती. भूल द्यायच्या दोन तास आधीपर्यंत, फक्त स्वच्छ आरपार दिसणारं गोड पाणी. त्यानं अंगात ताकद राहते, जीव घाबरा होत नाही, आणि ते पोटातून लवकर पुढे सरकतं. सुशीला ते कालवून, ग्लास झाकून आंघोळीला गेली. कौसाबाईनं झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं.

"हे का हाय? साखरपानी? एवढं मोठं पोट फाडतीन आन साखरपान्यावर?"

तिच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. त्यात पेज, पहाटेच बिरसीहून मागवलेली. नुकतंच धान निघालं होतं, नव्या तांदळाची पेज, गरम, मीठ घातलेली. डब्याचं झाकण उघडलं आणि वास आला. नव्या तांदळाच्या पेजेचा वास ज्याला माहीत आहे तो मला दोष देणार नाही. तरी मी म्हटलं, "बाई, आरपार दिसणारंच प्यायचं सांगितलंय."

तिनं पदर दुहेरी केला, पेज त्यातून ग्लासात गाळली आणि ग्लास खिडकीकडे धरला. "हे पाय, दिसून रायलं ना आरपार? ते बघ, नीम दिसून रायला."

कडुनिंब दिसत होता, हे खरं. जरा धुक्यातला वाटत होता, पण दिसत होता. मी प्यालो. एक ग्लास प्यालो, मग दुसरा. डब्याच्या तळाची शितं तिनं बोटानं काढून माझ्या तोंडात घातली.

थिएटरच्या दाराशी भूलवाले डॉक्टर आले. ते गोंदिया शहरातले, हिंदीत बोलणारे. "मास्टरजी, सुबह क्या लिया?"

मी ओठ पुसून म्हटलं, "पेज."

"पेज? मतलब?"

"चावल की," मी खुलासा केला. "नया चावल."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले आणि शांतपणे समजावलं, ते मला अजून आठवतं. भूल दिल्यावर गळ्याचा पहारा सुटतो. पोटात अन्न असलं तर ते वर येऊन फुप्फुसात जातं, आणि त्यानं माणूस टेबलावरच जाऊ शकतो. साखरेचं पाणी आणि पेज दोन्ही पातळच, पण पोटाला फरक कळतो. "आज नहीं होगा," ते म्हणाले.

माझी चाकाची खाट जशी आली तशीच परत गेली. वॉर्डातल्या सगळ्यांना वाटलं, एवढ्यात ऑपरेशन झालं! काका म्हणाले, "वा, नवीन पद्धत लयच जल्द हाय."

पोटातला कॅन्सर तसाच, नंबर पुढच्या यादीत, आणि थिएटरची सकाळ माझ्यामुळे वाया गेलेली. सुशीलानं आयुष्यात पहिल्यांदा नणंदेवर आवाज चढवला. "बाई, तुमाले डॉक्टरपेक्षा जास्त कळते का?" कौसाबाईनंही माघार घेतली नाही. तिनं डॉक्टर, कॉम्प्युटर, नागपूर, सगळ्यांचा उद्धार केला. मी उशीत तोंड घालून पडून राहिलो. दोन बायकांच्या भांडणात मध्ये बोलायचं नसतं, आणि पोटात तर पेज होती.

प्राजक्ता मॅडम आली, तेव्हा वाटलं आता हिचाही तडाखा. तिनं स्टूल ओढलं आणि कौसाबाईला विचारलं, "मावशी, का दिलीत पेज?"

कौसाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "आमच्या बापाचं बी पोटाचंच ऑपरेशन होतं. रात्रीपासून पान्याचा थेंब नाई. दुपार झाली तरी नंबर लागला नाई. मले म्हणे, कौसे, घोटभर पेज दे वो. मी नाई देल्ली. डॉक्टरनं मनाई केली होती. मंग नेला तं आला, पन खाटेवरून उठलाच नाई. आमीच उठू देल्लं नाई, टाके तुटतीन म्हून. तिथंच गेला." तिनं नाक पुसलं. "याले मी उपाशी नाई जाऊ देनार होती."

मला हे माहीत नव्हतं. वडील गेले तेव्हा मी मोठा होतो, पण मी बाहेर होतो, कुठल्याशा वरातीत. मला कुणी पेज मागितलेली नव्हती. मी माझ्या बहिणीकडे पाहिलं आणि तिच्यावरचा सगळा राग त्या क्षणी उतरला. तिथंच रडलो. सुशीलाही रडली. काका तर आमच्याही आधीपासून रडत होते.

प्राजक्ता मॅडम म्हणाली, "मावशी, हा अभ्यास त्याचसाठी आहे. माणूस उपाशी जाऊ नये आणि खाटेला चिकटू नये. पण मला वॉर्डात दिवसभर थांबता येत नाही. यांना चालवायला कुणीतरी कडक माणूस पाहिजे."

कौसाबाईनं पदर खोचला. तो पदर खोचला जाताना मला जे वाटलं, त्याला भीती हाच शब्द आहे.

दोन दिवसांनी पुन्हा नंबर लागला. या वेळी कौसाबाईनं साखरपाण्याच्या ग्लासावर स्वतः पहारा दिला. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. सुशीलालाही नाही. मी पाणी प्यालो, तिनं ग्लास उलटा करून दाखवला, आणि भूलवाल्या डॉक्टरांना दुरूनच ओरडून सांगितलं, "आज फकस्त साखर!"

ऑपरेशन मला आठवत नाही, ते आठवायचंही नसतं. जागा झालो तेव्हा पोटावर पट्टी, हाताला सलाईन आणि समोर डॉक्टर. "गाठ निघाली. जोड चांगला बसलाय. आता आतडं कधी जागं होतं ते बघू." या जोडाला अ‍ॅनास्टोमोसिस म्हणतात. तो गळला तर पुन्हा पोट उघडावं लागतं, आणि मग बाज्याचं नाव काढायचं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

संध्याकाळी घोटभर पाणी मिळालं. लगेच मागून आवाज आला, "उठ गा."

दोन सिस्टर आणि एक कौसाबाई. मी खाटेवरून पाय खाली सोडले तेव्हा वाटलं, पोटाची शिवण उसवून सगळं फरशीवर येईल. तसं काही होत नाही, हे लिहून ठेवा. कूस बदलून, हातावर भार देऊन, उशी पोटाशी धरून उठायचं. मी उभा राहिलो. डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी परत बसलो. कौसाबाई म्हणाली, "बसला कायले?"

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यातली माझी वरात सुरू झाली. पुढे मी, एका हातात सलाईनचा दांडा, मागे कौसाबाई. मी थांबलो की ती पाठीत बोट टोचायची. बाजूच्या काकांचंही ऑपरेशन झालं होतं, पण त्यांना नेहमीचा गट मिळाला होता. ते झोपून, चादर गळ्यापर्यंत ओढून माझ्याकडे बघायचे आणि हात हलवायचे. त्यांना त्यांची सून पंख्यानं वारा घालायची. मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की विचारू नका.

जेवणाला मऊ भात आणि वरण आलं. नेमका तेव्हाच माझा एक चुलत साडू भेटायला आला होता. ताट पाहून तो किंचाळला, "भात? भातानं टाके पिकतात ना!" हा समज आमच्याकडे घराघरात आहे. आयुष्यभर भातच खायचा आणि आजारी पडलं की त्यालाच आरोपी करायचं. आठवड्यापूर्वी कौसाबाईही हेच म्हणाली असती. आता तिनं साडूच्या हातातला बिस्किटाचा पुडा घेतला आणि त्याला दाराची वाट दाखवली. "टाके पिकत नाईत. अभ्यास सुरू हाय," ती म्हणाली. पुडा तिनं परत केला नाही.

राहिलं आतडं. ऑपरेशननंतर ते काही दिवस काम बंद ठेवतं, त्याला इलियस म्हणतात. म्हणजे आतड्याचा संप. तो मिटवण्यासाठी मला च्युइंग गम चघळायला दिलं होतं. तोंड चालू झालं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, आणि ते जागं होतं. फसवणूकच आहे, पण चांगल्या कामासाठी.

आता आमच्याकडे गालात काहीतरी धरून चघळणारा माणूस म्हणजे खर्रा खाणारा. सुपारी-तंबाखू घोटून प्लास्टिकच्या पुडीत मिळतो तो खर्रा मीही खायचो, तो ऑपरेशनच्या आधीच बंद करायला लावला होता. त्यामुळे मी गम चघळत व्हरांड्यातून निघालो की दुसऱ्या वॉर्डांतली माणसं डोळ्यांनी खुणावत हात पुढे करायची. सिस्टरनं दोनदा तोंड उघडायला लावून टॉर्च मारला. तिसऱ्यांदा मी स्वतःच जीभ बाहेर काढून उभा राहिलो.

आणि मग तो प्रश्न. प्राजक्ता मॅडम रोज सकाळ-संध्याकाळ यायची आणि चार लोकांत विचारायची, "गॅस पास झाला का?" संशोधनात ती मोठी खूण आहे. वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं, जोडातून रस्ता मोकळा आहे. पहिल्या दिवशी मी लाजलो. दुसऱ्या दिवशी लाज संपली आणि काळजी सुरू झाली, कारण उत्तर नाहीच होतं. पोट ढोलासारखं ताणलं होतं. डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं आणि काही न बोलता पुढे गेले. मला त्या न बोलण्याचा अर्थ लावत बसायला अख्खी दुपार मिळाली.

तोवर गावाला बातमी पोहोचली होती. बँडची पोरं तासातासाला सुशीलाला फोन करायची, "काकू, झालं का?" सरपंचानंही विचारलं. आमच्या गावात निवडणुकीच्या निकालाचीही एवढी वाट पाहिली गेलेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्याच्या टोकाशी वळताना ते झालं. आवाज लहान होता, पण निर्विवाद होता. मी दांडा धरून जागीच थांबलो. कौसाबाईनं ऐकलं. ती सत्तरीची बाई व्हरांड्यातून धावत सुटली आणि ओरडली, "मॅडम! वाजला! वाजला!" सगळ्या वॉर्डानं मान वर केली. मी इतक्या वराती वाजवल्या, अशी दाद मला कधी मिळाली नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं. मी चालत घरी गेलो. काका माझ्यानंतर काही दिवसांनी सुटले, तेही ठणठणीत. मी प्राजक्ता मॅडमला विचारलं, "मग कोणती पद्धत चांगली ठरली? माझी ना?"

"अजून माहीत नाही," ती म्हणाली. "सगळे रुग्ण पूर्ण झाले की मग मोजणार. एका माणसावरून काही सांगता येत नाही."

मला वाईट वाटलं. एवढा चाललो, एवढं चघळलो, सगळ्या गावाला माझ्या पोटाची खबर झाली, आणि अजून माहीत नाही? मग घरी जाताना गाडीत विचार केला. माझ्या आधी कुणीतरी असंच न कळता चाललं असेल, म्हणून मला उपाशी न ठेवण्याची अक्कल डॉक्टरांना आली. माझ्या चालण्यावरून आणि काकांच्या झोपण्यावरून पुढच्या कुणाला तरी काहीतरी कळेल. त्याला आमची नावं कळणार नाहीत. तेही ठीक आहे. वराती नाचतात, पण बँडवाल्यांची नावं कोण विचारतं?

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला. आजूबाजूच्या लिम्फच्या गाठी स्वच्छ, म्हणजे कॅन्सर पसरलेला नाही, केमोची गरज नाही, फक्त ठरलेल्या तपासण्या. सुशीलानं त्या दिवशी पुरण घातलं. मी खाल्लं, पण माझं लक्ष खुंटीवरच्या बाज्याकडे होतं.

डॉक्टरांनी सांगितलेला काळ मी पाळला. जड उचललं नाही, फुंकलं नाही, फक्त ते तीन गोळे ओढत राहिलो. पुढच्या तपासणीत त्यांनी मला खोकायला लावून चीर दाबून पाहिली आणि म्हणाले, "घट्ट आहे. सुरू करा. पण हळू. दुखलं की थांबा." घरी येऊन बाजा तोंडाला लावला. फुसफुस झाली, सूर नाही. पोट तयार होतं, मीच घाबरत होतो. रोज थोडं थोडं वाजवत गेलो. शेजाऱ्यांनी ते सगळं सोसलं, त्यांचे आभार इथेच मानतो. डॉक्टर, सिस्टर, प्राजक्ता मॅडम, आणि ज्यांनी मला टेबलावर मरू दिलं नाही ते भूलवाले साहेब, या सगळ्यांचेही. सुशीलाचे आणि कौसाबाईचे मानत नाही. त्या डोक्यावर बसतील.

मे महिन्यात पहिलं लग्न घेतलं. वरातीला मी जपून वाजवलं, अवघड जागा पोरांवर सोडल्या. पण पाठवणीचं गाणं कुणाला देता येत नाही. त्यात शेवटी एक लांब सूर आहे. नवरी गाडीत बसेपर्यंत तो धरावा लागतो, आणि नवऱ्या काही पटकन बसत नाहीत. मी श्वास भरला, अगदी खालपर्यंत, चिरेपर्यंत, आणि सोडला. नवरी आईच्या गळ्यात पडली. मग मावशीच्या. मग आजीच्या. सूर चालूच होता. पोट दुखलं नाही. काही फाटलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी गालावरून बाज्यावर ओघळायला लागलं, आणि दोन्ही हात गुंतलेले, पुसणार कशानं?

नवरीचा मामा जवळ आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "मास्तर, पोरगी आमची जाऊन रायली, तुमी काऊन रडून रायले?"

तोंडाला बाजा होता. त्याला उत्तर द्यायचं तर सूर सोडावा लागला असता, म्हणून दिलं नाही.